टॅटूइन: वाळूचे कण रगडून पाणी काढणाऱ्यांचा ग्रह

मृगजळ

स्टार वॉर्सवर धागा निघाला की दहाव्या प्रतिसादापर्यंत तो लाइटसेबरच्या रंगांवर जातो आणि विसाव्यापर्यंत 'नवे भाग किती भिकार' यावर. म्हणून आधीच हात जोडून सांगते, हा धागा टॅटूइनबद्दल आहे. त्या ग्रहाबद्दल. तिथल्या उन्हाबद्दल, वाळूबद्दल आणि मुख्य म्हणजे पाण्याबद्दल.

परवा १९७७ चा पहिला चित्रपट पुन्हा पाहिला. कितव्यांदा ते विचारू नका. लहानपणी नायक ल्यूकबरोबर मीही त्या दोन सूर्यांकडे बघून उसासे टाकले होते आणि त्याला सांभाळणारे ओवेन काका मला भयंकर खडूस वाटले होते. या वेळी नजर काकांवरच अडकली. या माणसाच्या शेतात पीक म्हणून पाणी निघतं! रानात खांबांसारखे व्हेपोरेटर उभे आहेत, ते हवेतला ओलावा ओढून घेतात आणि त्यावर घर चालतं. पुतण्याला अकादमीत जायचंय, काकांचं एकच पालुपद: एवढी सुगी होऊ दे, मग जा. जावा नावाच्या भंगारवाल्यांकडून यंत्रमानव विकत घेतानाही शिष्टाचार जाणणारा यंत्रमानव आपल्याला काय करायचाय, असा त्यांचा सूर. व्हेपोरेटरची भाषा कळते का, तेवढं सांग.

टॅटूइन खरा वाटतो तो दोन सूर्यांमुळे नाही, या खांबांमुळे, असं मला आता वाटायला लागलंय. परग्रह म्हटला की लोक तिथे राक्षस आणि चमत्कार आणतात. इथे एक चिंतातुर शेतकरी आणला आणि काम भागलं.

तर प्रश्न असा: हे जमण्यासारखं आहे का? भट्टीसारख्या कोरड्या हवेतून एका घरापुरतं पाणी निघेल? भौतिकशास्त्रवाल्यांनी जरा इस्कटून सांगावं.

टीकाकार क्रमांक दोन

काडी टाकून जातो. वाळवंटी ग्रह, वाळूत राहणारे अजस्र प्राणी, पाण्यावरून जीव टाकणारे टोळीवाले, हे सगळं १९६५ च्या 'ड्यून' कादंबरीत येऊन गेलंय. तिथल्या अराकिस ग्रहावरचे लोक वाऱ्याचे सापळे लावून हवेतलं पाणी पकडतात. तुमचे ते खांब म्हणजे त्याच सापळ्यांचे धाकटे भाऊ. तिथला 'मसाला' हा शब्दसुद्धा स्टार वॉर्सने सोडलेला नाही. शिवाय अराकिसवर प्राणवायू कुठून येतो याचंही उत्तर कादंबरीत आहे, ते महाकाय किडेच तो तयार करतात. टॅटूइनवर झाड औषधालाही दिसत नाही, तरी सगळे मोकळा श्वास घेतात. हलके घ्या.

मृगजळ

नक्कल आहे हे मान्यच. पण अराकिसवर पाणी म्हणजे धर्म, राजकारण आणि भविष्यवाणी. टॅटूइनवर पाणी म्हणजे सकाळी उठून दक्षिणेकडचं यंत्र का बंद पडलं ते बघून येणं. मला दुसरं जास्त जवळचं वाटतं.

खडूफळा

इस्कटतो. जरा लांबेल, सांभाळून घ्या.

तापमान ३५ अंश आणि सापेक्ष आर्द्रता १० टक्के धरू. वाळवंटातली दुपार म्हणून हे ठीक आहे. ३५ अंशांची हवा पूर्ण ओली असेल तर एका घनमीटरमध्ये साधारण ४० ग्रॅम बाष्प मावतं. दहा टक्के म्हणजे ४ ग्रॅम. चमचाभरसुद्धा नाही. एक लिटर पाणी हवं तर २५० घनमीटर हवा शेवटच्या थेंबापर्यंत पिळावी लागेल. प्रत्यक्षात तिसरा हिस्सा हाती लागला तरी बरं, म्हणजे ७५० घनमीटर.

हे ऐकून घाबरायला होतं, पण पुढे बघा. काका, काकू, ल्यूक आणि थोडी भाजी यासाठी रोज १०० लिटर धरू. मग दिवसाला ७५,००० घनमीटर हवा यंत्रातून जायला हवी. त्याला दिवसाच्या ८६,४०० सेकंदांनी भागा. सेकंदाला एक घनमीटरसुद्धा होत नाही! एवढी हवा तर एक बऱ्यापैकी पंखा ढकलतो. हवा मिळवणं ही काकांची अडचणच नाही.

अडचण आहे ऊर्जेची. या हवेचा दवबिंदू शून्याच्या किंचित खाली येतो, म्हणजे ३५ अंशांवरून तिला ३६ अंश खाली आणल्याशिवाय पहिला थेंबही पडणार नाही. पडेल तोही थेंब नसेल, हिम असेल. एक लिटर बाष्पाचं पाणी होताना जी उष्णता बाहेर काढावी लागते ती साधारण ०.७ युनिट (किलोवॅट-तास). पण त्या एक लिटरसोबत जी २५० घनमीटर कोरडी हवा उगाचच थंड करावी लागते, तिची उष्णता होते जवळपास ३ युनिट. म्हणजे सगळा खर्च पाण्यावर नाही, पाहुण्यांवर! त्यात तिसराच हिस्सा हाती लागत असेल तर हवा तिप्पट आणि खर्चही तिप्पट. बाहेर पडणाऱ्या थंड हवेने आत येणारी गरम हवा आधीच गार करून घेतली तर बरीच बचत होते, हा भाग वेगळा.

डोक्यावर दोन सूर्य असताना ऊर्जेला तोटा नसावा. त्यामुळे माझं उत्तर: जमेल. कुटुंब जगेल, श्रीमंत होणार नाही. चित्रपटात दाखवलंय नेमकं तेच.

(आकडे तोंडी हिशेबाचे आहेत. चूभूद्याघ्या.)

निशाचर

_/\_ खडूफळा. 'पाहुण्यांवर खर्च' हे भारी.

आता आकाशाचं बघू, कारण तिथे या चित्रपटाला फुकट श्रेय आणि फुकट शिव्या दोन्ही मिळतात. १९७७ मध्ये सूर्याव्यतिरिक्त दुसऱ्या कुठल्याही ताऱ्याभोवती ग्रह असल्याची खात्री नव्हती, दोन ताऱ्यांभोवतीचा तर सोडाच. २०११ मध्ये केप्लर दुर्बिणीच्या निरीक्षणांतून केप्लर-१६बी सापडला आणि सगळ्यांनी एका सुरात त्याला टॅटूइन म्हटलं. आहे २०० हून अधिक प्रकाशवर्षांवर. त्याचे दोन तारे ४१ दिवसांत एकमेकांभोवती फिरतात आणि ग्रह त्या दोघांभोवती २२९ दिवसांत. पण तिथे वाळूबिळू काही नाही. शनीएवढ्या वस्तुमानाचा थंडगार गोळा आहे तो, दोन्ही तारे सूर्यापेक्षा लहान आणि मंद. २०१९ मध्ये नासाच्या गोडार्ड केंद्रात उमेदवारी करायला आलेल्या एका शाळकरी मुलाला कामाच्या तिसऱ्या दिवसाच्या सुमारास असाच दुसरा ग्रह सापडला, टीओआय-१३३८ बी. तिसऱ्या दिवशी! आम्हाला तिसऱ्या दिवशी पासवर्ड मिळतो.

मला आवडणारी गोष्ट वेगळीच आहे. दोन ताऱ्यांभोवती ग्रह टिकायचा तर तो फार जवळ असून चालत नाही, नाहीतर कधी हा ओढतो कधी तो, आणि एक दिवस ग्रह भिरकावला जातो. ताऱ्यांमध्ये आपसात जेवढं अंतर, त्याच्या निदान अडीच-तीन पट लांब राहावं लागतं. आता शाळेतली भूमिती करा. तीन पटींवरून बघितलं तर ते दोन सूर्य आकाशात कधीही एकमेकांपासून साधारण २० अंशांहून जास्त दूर दिसणार नाहीत. हात लांब करून मूठ धरली की १० अंश झाकले जातात. म्हणजे दोन मुठी, बस्स.

दिवस आपल्याएवढा धरला तर तासाला आकाश १५ अंश सरकतं. म्हणजे पहिला सूर्य बुडाल्यावर फार तर सव्वा-दीड तासात दुसराही बुडणार. 'दोन सूर्य म्हणजे रात्रच होत नसेल' असं म्हणणाऱ्यांना हे सांगा. रात्र होते, रीतसर होते. ल्यूक बघतो तसे दोघे हातात हात घालूनच मावळतात. चित्रपटात ते याहूनही जवळ दिसतात, पण तेही नियमात बसतं.

चुकलेली गोष्ट एकच, सावल्या. प्रत्येकाच्या पायाशी दोन हव्यात, एकीवर एक चढलेल्या. चित्रीकरणाच्या जागी सूर्य एकच होता, त्याला कोण काय करणार?

वाचनमात्र

सहा वर्षं नुसती वाचत होते, आज राहवलं नाही.

प्राणवायूचा मुद्दा टीकाकारांनी काढला तो खरा आहे. पृथ्वीवरचा निम्म्याच्या आसपास प्राणवायू समुद्रातले सूक्ष्म जीव बनवतात, जंगलं नव्हेत. तेव्हा झाडं दिसत नाहीत ही अडचण नाही, समुद्र दिसत नाही ही आहे. पण 'द बुक ऑफ बोबा फेट' या मालिकेत टस्कन हे वाळवंटातले टोळीवाले तिथे समुद्र आटले तेव्हापासूनचे, म्हणजे मूळ रहिवासी आहेत असं येतं. म्हणजे एके काळी समुद्र होते. मग आजचा प्राणवायू ही जुनी पुंजी म्हणता येईल. शिवाय समुद्र उन्हाने आटतो तेव्हा बाष्प उंच जातं, अतिनील किरणांनी फुटतं, हायड्रोजन हलका म्हणून अवकाशात पळतो आणि प्राणवायू मागे राहतो. ग्रह मरताना थोडा प्राणवायू ठेवून जातो म्हणा ना.

आणखी एक. २०११ मध्येच एक अभ्यास आला होता, कोरड्या ग्रहांवर जीवसृष्टीला पाणीदार ग्रहांपेक्षा जास्त वाव असू शकतो असं सांगणारा. समुद्र असलेला ग्रह ताऱ्याच्या जरा जवळ सरकला की बाष्प वाढतं, बाष्पाने उष्णता कोंडते, त्याने अजून बाष्प, आणि सगळं शिजून निघतं. पाणीच कमी असेल तर ही साखळी सुरूच होत नाही. थोडंसं पाणी ध्रुवांपाशी टिकून राहतं. टॅटूइन दिसतो तेवढा अशक्य नाही.

माझी खरी शंका मात्र प्राण्यांबद्दल आहे. बँथा खातात काय? एवढाल्या केसाळ जनावरांच्या रांगा, आणि चारा कुठे आहे?

टीकाकार क्रमांक दोन

बँथा काय खायचा ते मी सांगतो. बँथाच्या पोशाखात एक हत्तीण होती, तिचं खाणं वेगळं यायचं.

फिरस्ती

:D हत्तिणीचे ते प्रसंग कॅलिफोर्नियातल्या डेथ व्हॅलीत झाले होते. बाकी टॅटूइन मुख्यतः ट्युनिशियात. तिथे जाऊन आलोय, म्हणून लिहितो.

नावापासून सुरुवात. दक्षिण ट्युनिशियात ततावीन नावाचं गाव आहे, ग्रहाचं नाव तिथून उचललं. फ्रेंचांच्या राज्यात तिथे शिक्षा झालेल्या सैनिकांच्या तुकड्या ठेवायचे. त्यामुळे फ्रेंच भाषेत ततावीनला जाणं म्हणजे जगाच्या टोकाला, कुणी कुत्रं विचारणार नाही अशा जागी जाणं. ल्यूकची तक्रारही तीच, की आपण विश्वाच्या झगमगाटापासून सगळ्यात लांबच्या कोपऱ्यात पडलोय. हा योग ठरवून जुळवला की आपोआप जुळला, देव जाणे.

काकांचं घर ही सगळ्यात मोठी गंमत आहे. आतला खड्ड्यासारखा चौक मत्माता गावात आहे. तिथले अमाझिग (बर्बर) लोक जमिनीत मोठा गोल खड्डा खणून त्याच्या भिंतींत खोल्या कोरतात, बाहेर कितीही तापलं तरी आत गारवा. त्यातल्याच एका घराचं सिदी द्रीस नावाचं हॉटेल झालंय. मी एक रात्र राहिलो. जेवणाच्या खोलीचं छत ल्यूक जेवतो तेच, रंगवलेल्या नक्षीसकट. आता ऐका: त्याच घराचा वरचा पांढरा घुमट तिथे नाहीच. तो सुमारे दोनशे किलोमीटर पश्चिमेला, नेफ्ता गावाच्या पुढे, शॉत एल-जरीद या मिठाच्या वाळलेल्या सरोवराच्या काठावर आहे. ल्यूक घुमटातून आत शिरतो आणि चौकात उतरतो तेव्हा एका पावलात दोनशे किलोमीटर चालतो. घुमट पडायला आला होता, २०१२ मध्ये चाहत्यांनी पैसे जमवून पुन्हा उभा केला.

आणि जिथे उभा राहून तो मावळते सूर्य बघतो, तिथे पायाखाली वाळू कमी, मीठच जास्त. मी बूट काढून बघितलं. करकरतं.

मॉस आयस्ली या टॅटूइनवरच्या शहरातल्या गुत्त्याची बाहेरची बाजू जेर्बा बेटावरच्या अजीममध्ये आहे. समुद्र तिथून हाकेच्या अंतरावर! गुलामांच्या वस्तीतली घरं १९९९ च्या चित्रपटात दिसतात ती कसर हदादाची धान्याची कोठारं.

मृगजळ

फिरस्ती, हे वेगळा लेख म्हणून लिहा हो, विनंती आहे. आणि पाण्याचं काय? तिथे चित्रीकरण करणाऱ्यांना पाणी पुरत होतं का?

फिरस्ती

पुरलं? अंगावर आलं! २२ मार्च १९७६ ला चित्रीकरण सुरू झालं आणि सुरुवातीच्याच दिवसांत वादळी पावसाने सेटची वाट लावली. पुढे १९९७ मध्ये नव्या चित्रपटासाठी परत तिथे गेले, तेव्हाही वादळाने सेट उडवले. थेंब थेंब पाण्यासाठी जगणाऱ्या ग्रहाच्या वाट्याला दोन्ही वेळा हेच.

आता त्या १९९९ च्या चित्रपटाचं मॉस एस्पा शहर. नेफ्त्याजवळ ओंग जमेलला ते अजून उभं आहे. वाऱ्याने सरकणाऱ्या चंद्रकोरीच्या आकाराच्या टेकड्या असतात ना, बारखान म्हणतात त्यांना, तशी एक त्याच्यावर चाल करून आली होती. ग्रहांवरच्या टेकड्यांचा अभ्यास करणाऱ्या शास्त्रज्ञांनी उपग्रहाच्या चित्रांवरून तिचा वेग मोजला, वर्षाला सुमारे १५ मीटर. एरवी वाळवंटात सरकती टेकडी मोजायला पक्की खूण सापडत नाही. इथे अनाकिनच्या (ल्यूकचा बाप, पुढचा डार्थ व्हेडर) गावाच्या भिंतीच खूण म्हणून कामी आल्या. २०१३ मध्ये त्यावर रीतसर शोधनिबंध निघाला, शीर्षकात टॅटूइनचं नाव घालून. नंतर वाळू उपसून गाव वाचवलं, पण टेकड्या काय, मागे अजून आहेतच.

टीकाकार क्रमांक दोन

सगळं छान चाललंय म्हणून मुद्दाम विचारतो. ज्या ग्रहाला कुणी विचारत नाही, तिथेच सगळे कसे येऊन आदळतात? पहिला, दुसरा, तिसरा, चौथा, सहावा आणि नववा भाग. त्यानंतर मालिका. अख्खी आकाशगंगा पडलीय आणि हे परत त्याच नाक्यावर. आणि डार्थ व्हेडरच्या मुलाला, म्हणजे ल्यूकला लपवायचं, तर कुठे? व्हेडरच्याच जन्मगावी नव्हे, पण ज्या ग्रहावर तो वाढला तिथे, त्याच्याच सावत्र भावाच्या घरी, आणि आडनावही स्कायवॉकरच! अरे, निदान आडनाव तरी बदला.

वाचनमात्र

याचं उत्तर अनाकिनच्या वाळूबद्दलच्या त्या प्रसिद्ध तक्रारीत आहे. त्याला वाळू नकोशी आहे, खरखरीत, चिडचिड करणारी, सगळीकडे शिरणारी. आईला तिथेच गमावलं. तो उभ्या आयुष्यात तिकडे फिरकणार नाही हे ल्यूकला तिथे लपवणाऱ्या बेनला (ओबी-वानला) पक्कं ठाऊक. माणूस सगळीकडे शोधेल, पण जिथे दुखतं तिथे नाही.

टीकाकार क्रमांक दोन

हे पटलं नाही, पण छान आहे. +१.

निशाचर

बँथाचा प्रश्न तसाच राहिला. बोबा फेटच्या मालिकेत वाळू उकरून काळी टरबुजासारखी फळं काढतात आणि आतला रस पितात. म्हणजे जमिनीत कुठेतरी ओल आहे. मग काकांनी विहीर का खणली नाही?

खडूफळा

हेमाशेपो (हे माझं शेवटचं पोस्ट) म्हणून आलो होतो, पण विहीर निघाली म्हणून थांबलो. ओल आहे, पण खारी असणार. समुद्र आटले की मीठ मागेच राहतं. फिरस्तींच्या पायाखालचं करकरणारं मीठ आठवा.

दुसरं म्हणजे माझ्या हिशेबात मोठी चूक राहिली. मी दुपारची हवा धरली. मूर्खपणा! रात्री तीच हवा १० अंशांवर येते. बाष्प तेवढंच, पण आर्द्रता १० टक्क्यांवरून ४० च्या वर जाते आणि दवबिंदू गाठायला फक्त ११ अंश खाली यायचं असतं. पाहुण्यांवरचा खर्च एक तृतीयांश होतो. निशाचर म्हणतात तशी तिथे रीतसर रात्र होते, म्हणून हे जमतं. शहाणा शेतकरी यंत्र रात्रीच चालवणार.

याहून हुशार वाटही आहे. २०२५ चं रसायनशास्त्राचं नोबेल कितागावा, रॉबसन आणि याघी यांना मिळालं ते धातू आणि सेंद्रिय रेणूंच्या जाळीदार स्फटिकांसाठी. त्यातले काही स्फटिक रात्री कोरड्या हवेतलं बाष्प आपल्या छिद्रांत ओढून घेतात आणि सकाळी उन्हाने तापले की सोडून देतात. पाहुण्यांना गार करायची भानगडच नाही. वाळवंटात त्याचे प्रयोगही झालेत. काकांचे खांब बाहेरून दिसतात त्यावरून आत हेच असावं असा मला दाट संशय आहे.

मृगजळ

थांबा थांबा. म्हणजे प्रत्येक खांबाने कधी प्यायचं आणि कधी सोडायचं हे रोजच्या हवेवर ठरणार?

खडूफळा

हो. तापमान, आर्द्रता, वारा, आकाशात दोन्ही सूर्य किती लांब आहेत, ते एकमेकांआड गेलेत का. प्रत्येक खांबाचं वेगळं, तासातासाला वेगळं. हाताने करायचं म्हटलं तर माणूस वेडा होईल.

मृगजळ

म्हणून काकांना व्हेपोरेटरशी बोलणारा यंत्रमानव हवा होता! मला इतकी वर्षं तो विनोदी संवाद वाटायचा. थ्रीपीओ हा शिष्टाचारवाला यंत्रमानव त्यासाठी घेतला, त्याच्या सांगण्यावरून त्याचा जोडीदार आर२ आला आणि आर२ च्या पोटात साम्राज्याविरुद्ध लढणाऱ्या लेयाचा तो निरोप.

टीकाकार क्रमांक दोन

म्हणजे साम्राज्य बुडालं ते आर्द्रतेच्या नोंदी वेळेवर न ठेवल्यामुळे.

फिरस्ती

लेख लिहायला घेतलाय. मत्माताचे फोटो सापडले, शॉतचे शोधतोय. मीठ कॅमेऱ्यातही गेलं होतं.